आण्णा बदलापूरला आला तेव्हा

सोमवार, ९ जून

सकाळी ७.२० ला आण्णाचा फोन. बुधवारी येतोय, रविवारी परत. "जागा हाय ना रं मध्या? का तुमच्या बिल्डिंगीत पाव्हणा घेत न्हाईत?" एवढं बोलून ठेवून दिला. वहिनी कशा आहेत, तुझी तब्येत कशी आहे, काही नाही. ड्रायव्हर माणूस फोनवर असाच बोलतो.

राजसी मोठी झाल्यावर ही वही कधी वाचेल म्हणून लिहून ठेवतो. आण्णा खिलारी एसटीत ड्रायव्हर होता आणि तिचा आजोबा, म्हणजे मी, त्याच्या गाडीवर कंडक्टर. पारनेर आगार, एकवीस वर्षं जोडीनं. त्यातली बरीचशी वस्तीच्या गाडीवर. संध्याकाळी गाडी घेऊन एखाद्या गावी जायचं, तिथंच देवळात नाहीतर गाडीतच झोपायचं आणि पहाटे गाडी भरून परत. लग्नाच्या बायकोपेक्षा माझ्या जास्त रात्री आण्णाचं घोरणं ऐकण्यात गेल्या.

बदलापूरच्या मांजर्लीत मुलाकडे, समीरकडे, येऊन आठ महिने झाले. समीरचे मित्र येतात, सूनबाईंच्या ऑफिसातल्या बायका येतात, राजसीच्या वाढदिवसाला तर चौदा पोरं आली होती. मला भेटायला म्हणून अजून कोणी आलेलं नाही. फोनवर मी सगळ्यांना सांगतो, झकास चाललंय, नदी जवळ आहे, हवा चांगली आहे. नदी जवळ आहे म्हणून जोराचा पाऊस लागला की तळमजल्यावाले गाद्या घेऊन वर पळतात, ते सांगत नाही. दिवसभर गॅलरी ते लिफ्ट आणि लिफ्ट ते गॅलरी अशा माझ्या फेऱ्या चालतात, तेही नाही.

आण्णा येतोय याचा आनंद झाला. पण ऐकूनच दमल्यासारखंही झालं. आता चार दिवस सुखात असल्यासारखं दिसायला हवं.

बुधवार, ११ जून

कल्याण स्टँडवर गाडी १२.५० ला आली. आण्णा उतरला तो पायानं पायरी चाचपडत. मी दाराच्या डाव्या अंगाला उभा राहून हात हलवत होतो, हा माझ्या समोरून निघून गेला की! जोरात हाक मारली तेव्हा नुसती मान नाही, अख्खा माणूस वळला. मग कडकडून भेटला. पण ते निघून जाणं मला लागलं.

निवृत्त झाल्यापासून तो गावच्या शाळेची गाडी चालवतो. लांबच्या दोन वाड्यांवरची अकरा पोरं सकाळी आणायची, संध्याकाळी सोडायची. बदलापूर येईपर्यंत दुसरा विषय नाही. "त्या वाड्यांस्नी दुसरी गाडीच न्हाई. मी आजारी पडलो तर शाळा बुडती पोरांची." सोमवारी शाळा उघडतेय, म्हणून रविवारी परत जायलाच हवं. ऐकून बरंही वाटलं आणि नाहीही. त्याची कोणीतरी वाट बघतंय.

घरी आल्यावर आणखी शोभा. हिमानी, माझी सून, खास घरून काम घेऊन थांबली होती. तिनं त्याच्या बाजूला चहाचा ट्रे धरला. हा माझ्याशीच बोलतोय. ती उभी, ट्रे तसाच. शेवटी तिनं टीपॉयवर ठेवला, तर ह्यानं कोपर मारून एक कप आडवा केला. राजसी पाया पडायला वाकली आणि हा तिच्या बाजूनं तडक बाथरूमकडे. पोरगी फरशीला नमस्कार करून उठली. वर म्हणतो काय, "तुमच्या घरांची दारं लई अरुंद रं," आणि खांदा चोळत बाहेर आला.

हिमानी आत गेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज तेवढा वाढला. गावात मान मिळायला लागला की माणसाला समोरचा दिसेनासा होतो, असं मनात आलं. आण्णा असा नव्हता.

गुरुवार, १२ जून

आम्हाला समोरासमोर बसता येत नाही हे आज कळलं. एकवीस वर्षं तो पुढे आणि मी मागे. मला त्याची मानगूट पाठ आहे, तोंडाची तेवढी सवय नाही. आज सकाळी सोफ्यावर दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि दोघांनाही काय बोलावं कळेना. शेवटी मीच उठून त्याच्या मागे खिडकीपाशी उभा राहिलो, तेव्हा कुठे गप्पा सुरू झाल्या. माझी बायको मालिनी हसायला लागली.

८.१५ ला म्हणाला, उल्हासनगरला जाऊन येतो. आपल्या पारनेरच्या बाजारात पँटी विकायला येणारा सिंधी आहे ना, त्याचं घर कॅम्प तीनला, त्यानं बोलावलंय. मी चप्पल घालायला लागलो तर म्हणाला, "तू कशाला? तू आराम कर." आठ महिने आरामच करतोय मी. पण पाहुण्याच्या मागे किती लागणार?

१.४० ला परत आला. हातात दोन जीन पँटी आणि डोळ्यावर काळा गॉगल. घरात शिरला तरी गॉगल काढेना. मालिनीला पडदे ओढायला लावले. जेवताना ताटातली लोणच्याची फोड उचलता येईना, बोटांनी शोधत होता. घरी फोन लावायचा तर आकडे दिसेनात, राजसीला लावायला सांगितलं. गॉगल जरा वर केला तेव्हा डोळे लाल, पाणी गळतंय.

मला संशय आला. उल्हासनगरात त्या मित्राबरोबर बसून आला असणार. पूर्वी पीत नव्हता, पण आता काय सांगावं. जवळ जाऊन वास घेतला. वास नव्हता.

आल्याआल्या त्यानं एक बारकी बाटली फ्रीजच्या दारात ठेवली. "सर्दीचं औषध हाय, गरम चालत न्हाई," म्हणाला. जून महिन्यात ह्याला कसली सर्दी झाली?

शुक्रवार, १३ जून

आज पुन्हा उल्हासनगर. पँट बदलून आणायची म्हणाला. परत आला तो मोकळ्या हातानं, पँटी तर इथंच कोपऱ्यात पडल्या होत्या. विचारलं तर "ऱ्हाऊ दे रं" म्हणून भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. कंटाळलाय इथं, दुसरं काय. मी तरी काय दाखवणार होतो त्याला? लिफ्ट?

दुपारी मालिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "ती बाटली सर्दीची नाही हो. डोळ्यात घालायची आहे, वाचली मी. आणि आण्णाभावजींना बाजूचं दिसत नाही वाटतं. समोरून वाटी दिली की घेतात, बाजूनं दिली की नाही."

मी भडकलो. म्हटलं, मी एकवीस वर्षं त्याच्या गाडीत उभा राहिलोय. एक कोंबडी मेली नाही त्याच्या चाकाखाली. आता समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर सोफ्यावर बसून वाचतो, खालची बारीक अक्षरंसुद्धा, सकाळीच वाचून दाखवलं. डोळ्यात कचरा गेला असेल, घातलं असेल औषध. तू काय डॉक्टर आहेस?

ती म्हणाली, "बरं." तिचं हे 'बरं' मला चांगलं ओळखीचं आहे.

रात्रीच्या जेवणाला मुद्दाम विषय काढला. समीरला सुट्टी आहे, उद्या सगळे बारवी धरण बघायला जाऊ. आणि समीर, उद्या गाडी आण्णा चालवेल, तू बघ कशी चालवतात गाडी. समीर म्हणाला, "चालेल ना बाबा, नो टेन्शन." आण्णा म्हणाला, "नको रं, सुट्टीला आलोय." मी म्हटलं, चालव की. तो म्हणाला, "इथला रस्ता माझ्या वळकीचा न्हाई." मी म्हटलं, तुला कधीपासून रस्त्याची ओळख लागायला लागली? सगळे हसले. आण्णा मालिनीकडे बघत होता, तीच तेवढी हसली नाही. मग म्हणाला, "बरं, चालवतो."

शनिवार, १४ जून

आजचं सगळं क्रमानं लिहितो.

९.०५ ला निघालो. हिमानीला कॉल होता, ती घरी. आण्णा स्टिअरिंगवर, समीर शेजारी. मागे डावीकडे मी, मध्ये राजसी, उजवीकडे मालिनी. समीर मला पुढे बस म्हणाला होता, पण मला आण्णाच्या शेजारी बसायची सवय नाही.

आमच्यात एक रिवाज होता, तो लिहायला हवा. कंडक्टरनं ड्रायव्हरला रस्ता सांगायचा नाही. हळू घे, ब्रेक मार, बाजूनं आलं बघ, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आणि ड्रायव्हरनं तिकिटात तोंड घालायचं नाही. पहिल्या महिन्यातच आण्णानं मला सांगितलं होतं, मागनं रस्ता सांगितला तर मी गाडी उभी करून खाली उतरीन. एकवीस वर्षांत मी एकदाही सांगितला नाही. त्याचा मला अभिमान होता.

चौकात डावीकडचा आरसा एका रिक्षाला घासला. रिक्षावाला ओरडला, "ओ काका, दिखता नहीं क्या?" समीरनं हात जोडून मिटवलं. आण्णा म्हणाला, "जागाच सोडली न्हाई त्यानं." रिक्षा तर तिथं उभीच होती. मी बघितलं आणि गप्प बसलो. गावाबाहेर पडल्यावर एक स्कूटरवाली बाई आमच्या रेट्यानं रस्ता सोडून मातीत उतरली. तेही बघितलं. मालिनीनं राजसीच्या डोक्यावरून माझा दंड दाबला. मी तिच्याकडे बघितलं नाही.

धरणाच्या अलीकडे वाड्या लागतात. डाव्या हाताच्या शेतातून, बांधावरून, एक बाई डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन रस्त्याकडे येत होती. मला ती लांबूनच दिसली. म्हटलं, आता आण्णा वेग कमी करेल. केला नाही. म्हटलं, आता करेल. समीर मोबाइलमध्ये धरणाचा रस्ता शोधत होता. बाई रस्त्यावर चढली. मी बोललो नाही.

ओरडली मालिनी. "आण्णा! बाई!"

गाडी कचकन थांबली, राजसीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. भारा बॉनेटवर पडून खाली विखुरला, बाई मागच्या मागे गवतात बसली. मी दार उघडून धावलो. लागलं नव्हतं, कोपराला खरचटलं होतं तेवढंच. ती उठली आणि आण्णाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. "आंधला हाईस का रं तू? येवढी बाय दिसली नाय तुला?"

आण्णा समोर बघत बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मी आणि समीरनं लाकडं गोळा करून बांधून दिली. मालिनीनं तिला पाणी पाजलं, कोपर धुऊन दिलं. मी आण्णाजवळ गेलो तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "कुठनं आली रं ती?"

"डावीकडून. शेतातून. लांबून येत होती."

त्यानं मान हलवली आणि खाली उतरला. परत येताना समीरनं चालवली. धरण कोणीच बघितलं नाही.

संध्याकाळी ५ वाजता आण्णानं पिशवीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. दोन काळे गोल, प्रत्येकाच्या मधोमध लिंबाएवढा पांढरा तुकडा. "एवढंच उरलंय. काचबिंदू हाय म्हणं. यंत्रात डोकं घालाय लावलं, दिवा चमकला की बटण दाब म्हणं. मला वाटलं, अजून दिवे लावलेच न्हाईत." गुरुवारी उल्हासनगरच्या डॉक्टरनं डोळ्यात थेंब घालून तपासलं, शुक्रवारी हा कागद दिला. डॉक्टरनं गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. पारनेरात दाखवलं असतं तर दुपारपर्यंत शाळेत कळलं असतं, म्हणून इथं आला. मला भेटणं हे निमित्त.

दोन गोष्टींचा राग आला आणि कुठला मोठा ते कळेना. म्हटलं, "तुला काल कळलं होतं. आणि आज माझी नात गाडीत होती."

"तीनदा नको म्हणालो मी."

दोनदा म्हणाला होता. पण तिसऱ्यांदा म्हणायची मी संधी दिली नाही, हे खरं. मालिनीनंही सांगितलं होतं. माझ्या फुशारकीपायी ती बाई आज मेली असती. राजसीच्या कपाळावर टेंगूळ आलंय. ती म्हणते, दुखत नाही आजोबा.

मग विचारलं, "आता सोमवारी काय?"

"सोमवारचं काय? तो रस्ता माझा पाठ हाय. मध्ये गाडी न्हाई, घोडं न्हाई. समोरचं समदं दिसतंय मला." मग म्हणाला, "मी न्हाई गेलो तर पोरं न्हेणार कोण?"

मी कागद परत दिला. तो माझ्याकडे बघत होता, मी बोलायची वाट बघत असावा. मी चहा टाकायला सांगतो म्हणून उठून गेलो.

रविवार, १५ जून

झोप लागली नाही. आण्णालाही नसावी, आज त्याचं घोरणं ऐकू आलं नाही.

रिक्षातून कल्याणला जाताना मनाशी सतरा वेळा वाक्य जुळवलं. दुसऱ्या डॉक्टरला दाखव, थोडे दिवस रजा घे, शाळेच्या मोठ्या बाईंशी बोलून बघ. सगळी वाक्यं गोल गोल. स्टँडवर ९.१० ला पोचलो, गाडी ९.४० ची. बाकावर बसलो, दोघं समोर तोंड करून, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

म्हटलं, "आण्णा, उद्या गाडी काढू नको. परवाही नको. आता कधीच नको."

त्यानं मांडीवरची पँटींची पिशवी बाकावर ठेवली.

"पोरं बाजूनं पळत येतात गाडीकडे. समोरून कोण येतं? तुझ्या दाराशी उभं असलेलं पोर तुला दिसणार नाही. मी काल बघत होतो. बाई दिसत होती मला आणि मी गप्प बसलो, मालिनी ओरडली नसती तर... मी आता गप्प नाही बसणार. तू काढलीस तर मी शाळेत फोन करीन."

आण्णानं मान वळवली. मला नीट बघायला त्याला आता पूर्ण वळावं लागतं. म्हणाला, "तू जन्मभर तिकिटं फाडली, मध्या. तुला रस्त्यातलं काय कळतं?"

एकवीस वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता.

गाडी लागली. पायरीवर मी त्याच्या दंडाला धरलं, त्यानं झटकलं. आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसला. गाडी हलेपर्यंत मी उभा होतो. तो बघतोय की नाही ते कळायला मार्ग नव्हता. पँटींची पिशवी बाकावरच राहिली, मी ती घरी घेऊन आलो.

मालिनीनं विचारलं, सांगितलंत? म्हटलं, सांगितलं. तिनं पाणी आणून दिलं. मला आता कोणी भेटायला येणार नाही, असं म्हणणार होतो, पण ती म्हणाली असती, तुम्हाला स्वतःचंच पडलंय. आणि खरंच होतं ते. घरात सगळं होतं तसं झालंय. सोफ्यावर उताणा पडलो तर उठवेना.

सोमवार, १६ जून

पाण्याची वेळ सहाची, पण मी पाचलाच उठलो. आण्णाची गाडी ७.१० ला पहिल्या वाडीवरून निघते. घड्याळात ७.१० झाले, मग ७.३०. अकरा पोरं, नवे गणवेश. मोठ्या बाईंचा नंबर मी काल रात्रीच एकाकडून मिळवून ठेवला होता. लावला नाही. आठला आण्णाला फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा बनूबाईंनी, त्याच्या बायकोनं, उचलला.

"वहिनी, गाडीवर गेलाय का?"

"न्हाई ओ भावजी. सहालाच चालत शाळंत गेलं, मी बी हुते संगं. मोठ्या बाईंच्या टेबलावर किल्ली ठिवली. आता सरपंच सोताच्या जीपमधून आणत्यात पोरं, चार दिवस करतो म्हणालेत."

मी विचारलं, "आणि आण्णा?"

"गोठ्यात बसल्यात. च्या न्हाई, पाणी न्हाई. तुमचा फोन हाय म्हणलं तर तोंड फिरवलं." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "बाई लई इचारत हुत्या, ऐन टायमाला का सोडताय म्हणून. डोळ्याचं एक अक्षर काढलं न्हाई ओ ह्यांनी. डागदरचा कागद खिशातच. नुस्तं म्हणाले, माझ्या कंडक्टरनं न्हाई म्हटलंय."

मी "बरं" म्हटलं. फोन मालिनीच्या हातात दिला. ती पाऊण तास बोलत होती. मी तेवढा वेळ गॅलरीत जाऊन रडलो.